शुश्रूषेची जोखीम कोणाच्या पदरात?

"रुग्णसेवेसाठी आया, मावशी, वॉर्डबॉय घरपोच मिळतील, दिवसपाळी, रात्रपाळी, चोवीस तास" ही छोट्या जाहिरातींतील ओळ महाराष्ट्रातील शहरी वाचकाच्या डोळ्यांना आता वधूवरांच्या जाहिरातींइतकीच सवयीची झाली आहे. अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले वडील, मांडीचे हाड मोडलेली आई, स्मृती हरपत चाललेले काका. अशा प्रसंगी घरातील कर्ते माणूस त्या क्रमांकावर फोन करते, दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता पिशवीत डबा घेऊन एक बाई दारात उभी राहते आणि एक व्यवहार सुरू होतो. हा व्यवहार बहुधा तोंडी असतो. त्यात पगार ठरतो, पाळी ठरते, चहा-जेवणाचे ठरते, महिन्याच्या सुट्ट्याही ठरतात. ठरत नाही ती एकच गोष्ट : काही विपरीत घडले तर त्याचा भार कोणी उचलायचा.

ही गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही, याचे कारण शुश्रूषा हा व्यवहार आहे हेच समाजाच्या मनाने अद्याप स्वीकारलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या सुनेने, लेकीने, बायकोने जी सेवा केली तिला मोल नव्हते, आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात तिला जागाही नव्हती. वाकून वाकून तिचीही कंबर मोडत असे. पण त्या कंबरेची नोंद कोणत्या खात्यात करावी, हा प्रश्न कोणाला पडला नाही. आता तेच काम बाहेरची स्त्री पैसे घेऊन करते. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांची संख्या देशात १० कोटी ३८ लाखांच्या घरात होती आणि महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या दहा टक्क्यांना भिडले होते. मुले दुसऱ्या शहरात वा परदेशात, सून-मुलगा दोघेही नोकरीत, घरे लहान. अशा स्थितीत ही मागणी वाढतच जाणार. मागणीबरोबर पुरवठा आला, मध्यस्थ आले, दर आले. जोखमीची वाटणी मात्र जुन्या घरातलीच राहिली.

उदाहरणादाखल एक साधी परिस्थिती घ्यावी. दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांचे घर, सत्तर किलो वजनाचे निवृत्त गृहस्थ, सकाळी त्यांना न्हाणीघरात नेण्याची वेळ. फरशी ओली, धरायला भिंतीत दांडी नाही. दोघेही घसरतात. गृहस्थांना खरचटते, बाईंच्या मनगटाचे हाड मोडते. प्लास्टर, औषधे आणि निदान दीड-दोन महिने काम बंद. घरची मंडळी सज्जन असतील तर डॉक्टरचे पहिले बिल देतात, वर हजार-दोन हजार हातावर ठेवतात आणि ब्यूरोला दुसरी बाई पाठविण्यास सांगतात. हे कुटुंब निष्ठुर नसते. आपण कोणाचे मालक झालो आहोत हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

कायद्याच्या यादीतले हत्ती

कामावर असताना अपघात झाला तर मालकाची चूक सिद्ध न करताही कामगाराला भरपाई मिळावी, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने आणले. चूक कोणाची, हा वाद बाजूला ठेवून जोखीम ज्याच्या कामासाठी पत्करली त्याच्यावर ती टाकणे, ही या कायद्यामागची कल्पना अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही शहाणपणाची आहे. कारण अपघात टाळण्याची सोय करणे बहुधा मालकाच्याच हाती असते. दांडी भिंतीत बसवायची की नाही, हे बाई ठरवीत नाही.

परंतु हा कायदा सर्वांना लागू नव्हता. दुसऱ्या अनुसूचीत ज्यांचे काम नमूद आहे त्यांनाच तो लागू. ही यादी वाचण्यासारखी आहे. तीत हत्ती व अन्य वन्य पशू सांभाळणारे आहेत, सर्कशीत काम करणारे आहेत, पाणबुडे आहेत, विष काढण्यासाठी साप हाताळणारेही आहेत. कोणाच्या घरी जाऊन आजारी माणसाला उचलणारी, त्याचे मलमूत्र काढणारी, त्याच्या खोकल्यासमोर बारा तास बसणारी स्त्री त्या केंद्रीय यादीत नाही. नैमित्तिक कामगारांना वगळणारी जुनी तरतूद २००० साली काढून टाकण्यात आली. २००९ च्या दुरुस्तीने 'कामगारा'चा 'कर्मचारी' झाला. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात येऊन हा सगळा कायदा तीत सामावला गेला. यादीची पद्धत मात्र नव्या संहितेनेही सोडली नाही. त्याच वेळी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने तर घरगुती सेवेला 'उद्योगा'च्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत बाहेर ठेवले आहे.

यादीत असणे आणि नसणे यांतील अंतर किती, हे आकड्यांतच कळते. मृत्यू आला तर मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे, असे भरपाईचे सूत्र आहे. चाळीस वर्षे वयासाठी हा गुणक १८४.१७ आहे. २०२० च्या अधिसूचनेतील १५,००० रुपयांची वेतनमर्यादा धरली तर ही रक्कम १३,८१,२७५ रुपये होते. कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास निम्म्याऐवजी साठ टक्के धरतात, म्हणजे १६,५७,५३० रुपये. ज्यांचे नाव यादीत त्यांच्यासाठी हा हक्क. ज्यांचे नाही त्यांच्यासाठी दिवाणी न्यायालय, मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे, आणि मृत्यू आला असेल तर वारसांच्या हाती १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा. तो कायदा आजही जिवंत आहे. पण रोजच्या पाळीवर घर चालविणाऱ्या कुटुंबाने दिवाणी दाव्याच्या तारखा मोजाव्यात ही अपेक्षा धरणे हीच एक थट्टा आहे.

येथे दोन तुलना केल्यावाचून राहवत नाही. घरी मोटार असून पगारी चालक ठेवला असेल, तर मोटारीच्या विमापत्रात वर्षाकाठी पन्नास रुपयांच्या आसपास जादा भरून त्या चालकाविषयीचे मालकाचे दायित्व विमा कंपनीकडे सोपविता येते. विमा एजंट ते विचारल्याशिवाय राहत नाही. तेच कुटुंब वडिलांसाठी मावशी ठेवते तेव्हा असा प्रश्न कोणी विचारीत नाही. दुसरी तुलना अधिक बोचरी आहे. नोकराने मालकाच्या घरात केलेली चोरी हा साध्या चोरीहून गंभीर गुन्हा आहे, हे १८६० च्या भारतीय दंडसंहितेने ३८१ व्या कलमात सांगितले होते आणि त्यासाठी सात वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली होती. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद ३०६ व्या कलमात आली आहे. म्हणजे घर हे नोकरीचे ठिकाण आहे आणि तेथे मालक-नोकर असे नाते आहे, हे कायद्याला दीडशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. फक्त चांदीची वाटी हरवली तरच. मनगट मोडले की ते नाते धूसर होते.

न्यायासाठी एक अपवाद सांगितला पाहिजे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने राहत्या घरालाही 'कामाचे ठिकाण' मानले आणि घरकामगार स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करण्याचा मार्ग दिला. घराचा उंबरठा कायद्याला ओलांडता येत नाही, ही सबब त्यामुळे टिकत नाही.

ब्यूरोची पावती

"पण बाई तर ब्यूरोची आहे, जबाबदारी ब्यूरोची" हे उत्तर सामान्यतः दिले जाते. ब्यूरोच्या छापील पावतीच्या पाठीमागे मात्र बहुधा नेमके उलटे लिहिलेले असते : आम्ही केवळ मध्यस्थ, सेविकेच्या वर्तनास, चुकीस, अपघातास वा घरातील वस्तूंस आम्ही जबाबदार नाही. ब्यूरो म्हणतो बाई घरवाल्यांची, घरवाले म्हणतात ब्यूरोची. तिला स्वतःला विचारले तर ती आपल्या पाळीचा पत्ता सांगते.

मालक कोण, हे पावतीवरच्या छापील वाक्याने ठरत नाही. प्रत्यक्ष व्यवहाराने ठरते. कामाचे आदेश कोण देतो, वेतन कोण ठरवतो आणि कोण देतो, कामावरून कोण कमी करतो, बदली माणूस कोण पाठवतो, अशा अनेक गोष्टींचा एकत्र विचार न्यायालये करतात. नियंत्रण ही एकमेव कसोटी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या प्रकरणात स्पष्ट केले. ब्यूरो घराकडून रक्कम घेऊन त्यातून आपला वाटा कापून बाईला पगार देत असेल, रजेच्या दिवशी दुसरी बाई पाठवीत असेल, तर तो केवळ गाठ घालून देणारा मध्यस्थ आहे हे म्हणणे टिकणे कठीण. उलट पहिल्या महिन्याचे कमिशन घेऊन तो बाजूला झाला असेल आणि पगार, वेळा, कामे सर्व घरच ठरवीत असेल, तर घर हेच मालक.

रुग्णाला इजा झाली तर हा भेद आणखी महत्त्वाचा ठरतो. ग्राहक संरक्षण कायद्याखाली 'व्यक्तिगत सेवेचा करार' हा सेवेच्या व्याख्येतून वगळलेला आहे. २०१९ च्या नव्या कायद्यातही तो वगळलेलाच आहे. १३ नोव्हेंबर १९९५ च्या इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रसिद्ध निकालात सर्वोच्च न्यायालयाने सेवेसाठीचा करार आणि मालक-नोकर नात्यातला व्यक्तिगत सेवेचा करार यांत रेषा आखली. घराने थेट ठेवलेली बाई ही दुसऱ्या वर्गात जाते. तिच्या हातून चूक झाली तर ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद. ब्यूरो शुल्क घेऊन प्रशिक्षित माणूस पुरवण्याचे आश्वासन देत असेल तर त्याच्याविरुद्ध तो दरवाजा उघडा राहू शकतो, आणि सर्व जबाबदारी झटकणारे पावतीमागचे वाक्य 'अन्याय्य करार' म्हणून राज्य आयोगापुढे तपासता येते. थोडक्यात, ब्यूरोला वगळून महिन्याला दोन-तीन हजार वाचवणारे कुटुंब त्या पैशांबरोबर एक कायदेशीर उपायही सोडून देत असते. हा व्यवहार तोट्याचाच असे नाही. पण तो डोळे उघडे ठेवून व्हावा.

घर स्वतःही या बाबतीत निर्दोष नसते. आयाला इन्सुलिनचे इंजेक्शन द्यायला लावणे, नाकातील नळीतून अन्न भरायला सांगणे, सलाइन बंद करायला सांगणे, हे सर्रास चालते. परिषदेकडे नोंदणी झालेली परिचारिका आणि अनुभवाने शिकलेली मावशी यांच्या दरात मोठा फरक असतो, आणि तो फरक वाचवण्यासाठी दुसरीकडून पहिलीचे काम करून घेतले जाते. तेथे काही बिघडले तर "तिला सांगितले कोणी" हा प्रश्न प्रथम घरालाच विचारला जाईल.

विमापत्र काय सांगते

जोखीम अस्तित्वात आहे, तिला घाबरणारी माणसे आहेत. मग विम्याचा बाजार का उभा राहिला नाही? काही अंशी तो आहे, पण खरेदीदाराला दिसत नाही. सरकारी विमा कंपन्यांच्या जुन्या 'हाउसहोल्डर्स' विमापत्रांत आग, घरफोडी, दागिने, दूरदर्शन संच अशा कलमांच्या शेवटी दायित्वाचे एक कलम असे, आणि त्यात घरगुती नोकरांविषयीचे मालकाचे दायित्वही घेता येई. ते कलम घेणारे विरळा. १ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांनी विकावयाचे 'भारत गृह रक्षा' हे प्रमाणित विमापत्र आले. त्यात घर व सामान यांना संरक्षण आहे, ऐच्छिक म्हणून मौल्यवान वस्तू व विमाधारक पती-पत्नींचा अपघात विमाही आहे. घरात काम करणाऱ्या तिसऱ्या माणसाचा विचार त्यात नाही.

आरोग्य विम्याची तऱ्हा वेगळी. त्यातील प्रमाणित अपवादांपैकी पाचव्याने विश्रांती-उपचार व तत्सम शुश्रूषा वगळली असून तीत आंघोळ घालणे, कपडे चढवणे, चालवणे अशी घरी दिलेली मदतही येते, मग ती देणारी परिचारिका असो वा साधी मदतनीस. म्हणजे मावशीचा पगार विम्यातून निघत नाही, आणि मावशीला झालेली इजा तर त्या विम्याच्या गावीही नाही.

उपयोगी कागद तिसराच आहे. कर्मचारी नुकसानभरपाईच्या पारंपरिक विमापत्रात दोन तक्ते असतात. पहिला अनुसूचीतील कामगारांसाठी. दुसरा, 'ब' तक्ता, अनुसूचीत नसलेल्यांसाठी. या दुसऱ्यात १८५५ चा कायदा व सामान्य कायदा यांखालील मालकाच्या दायित्वाला संरक्षण मिळते. कारखानदार आणि ठेकेदार हे विमापत्र ओळखतात. गृहस्थ ओळखत नाही, आणि एका मावशीच्या हप्त्यावरील कमिशन इतके क्षुल्लक असते की ते समजावून सांगण्यासाठी जिना चढणे एजंटला परवडत नाही. बाजार येथे अडतो तो जोखीम मोठी आहे म्हणून नव्हे. एकेका घराचा व्यवहार फार लहान आहे म्हणून.

उरतो तो बाईच्या स्वतःच्या नावाचा विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता जून २०२२ पासून वर्षाला २० रुपये आहे; १८ ते ७० वयाच्या खातेदाराला अपघाती मृत्यू वा संपूर्ण अपंगत्वासाठी दोन लाख, कायमच्या आंशिक अपंगत्वासाठी एक लाख. वीस रुपये हा एका वेळच्या रिक्षाच्या भाड्याहूनही कमी खर्च. कोणत्याही घराने पहिल्याच पगाराच्या दिवशी बाईंना बँकेचा तो अर्ज भरून द्यायला हरकत नसावी. पण मोडलेले आणि दोन महिन्यांत जुळलेले मनगट या योजनेच्या कक्षेत येत नाही, आणि प्रत्यक्षात घडते ते बहुधा तेच. त्यासाठी 'सरल सुरक्षा विमा' या प्रमाणित अपघात विमापत्रातील दोन ऐच्छिक जोडण्या पाहाव्या लागतात : तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात दर आठवड्याची रक्कम आणि रुग्णालयाचा खर्च. हप्ता घराने भरावा, नाव तिचे असावे. तिने काम बदलले तर विमा तिच्याबरोबर जाईल. काही गृहस्थांना हे रुचणार नाही, पण आजारी माणसाला उचलण्याची किंमत पगारात धरलेली नाही एवढे त्यांनी ध्यानात घ्यावे.

याखेरीज एक कागद. त्यावर कामे, वेळ, पगार, कोणती कामे करावयाची नाहीत, अपघात झाल्यास पहिल्या उपचाराचा खर्च कोण देणार आणि किती दिवसांचा पगार चालू राहणार, एवढेच असले तरी पुरे. मालकाने तो आपल्या सोयीसाठी लिहिला तरी भांडणाच्या वेळी तो दोघांच्याही कामी येतो. भिंतीतली दांडी आणि न्हाणीघरातली खरखरीत चटई यांना तर विमा कंपनीची परवानगीही लागत नाही.

एकेका घराचा सदिच्छेचा व्यवहार म्हणून हा प्रश्न सुटेल, असे मात्र मानता येत नाही. चांगले घर मिळणे हा तिच्या नशिबाचा भाग राहिला तर तो हक्क नव्हे. जर्मनीत घरात अल्प वेळ काम करणाऱ्यांची नोंदणी एका मध्यवर्ती कार्यालयाकडे करावी लागते आणि घर भरीत असलेल्या रकमेतच वेतनाच्या १.६ टक्के इतका अपघात विमा समाविष्ट असतो. हाँगकाँगमध्ये घरकामगार ठेवणाऱ्या मालकाला भरपाई विमा काढणे सक्तीचे आहे, मग ती अर्धवेळ असली तरीही. दोन्ही ठिकाणी लहान व्यवहारांची अडचण एकाच उपायाने सोडवली आहे : सर्वांना एका खात्यात आणून.

महाराष्ट्राजवळ असे खाते उभारण्याची जागा आयती आहे. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा राज्याने २००८ सालीच केला. १८ ते ६० वयाच्या घरकामगारांची नोंदणी आणि अपघातात साहाय्य ही त्या मंडळाची कामे आहेत. पण कल्याण म्हणजे अनुदान आले तर वाटायचे, ही त्याची प्रकृती. घरमालकाकडून दरमहा वेतनाच्या दीड-दोन टक्क्यांची वर्गणी घेऊन, त्या सामुदायिक रकमेतून सर्व नोंदणीकृत सेविकांचा एकत्र विमा उतरवला, तर पंधरा हजार पगारावर घराला महिना सव्वादोनशे ते तीनशे रुपये पडतील. ज्या घरात दरमहा पंधरा हजार दिले जातात त्या घराचा अर्थसंकल्प यामुळे कोसळणार नाही. मोबाइलवरील ॲपमार्फत माणसे पुरवणाऱ्या कंपन्यांना सामाजिक सुरक्षा संहितेने वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणीच्या कक्षेत आणलेच आहे, आणि अशा कंपन्यांच्या यादीत आरोग्यसेवा हाही वर्ग आहे. वहीत नावे लिहून बायका पाठवणारा ब्यूरो तेवढा सुटावा आणि ॲपवाला अडकावा, याला काही तर्क नाही.

केंद्राकडे पाहिले तर चित्र फारसे आशादायक नाही. २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांविषयीचा १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. घरी येऊन शुश्रूषा देणाऱ्या संस्थांच्या नोंदणीची तरतूद त्यात होती. सतराव्या लोकसभेबरोबर तेही संपले. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदेशीर चौकट हवी काय, हे तपासण्यासाठी समिती नेमण्याचा आदेश केंद्राला दिला. संपूर्ण कायदा होण्यास वर्षे लागतील. त्यावर मतभेदही होतील, कारण वेतन, तास, तपासणी हे सर्वच विषय घराच्या खाजगीपणाला भिडतात. अपघात भरपाईचे तसे नाही. त्यासाठी कोणाच्या स्वयंपाकघरात निरीक्षक पाठवावा लागत नाही. अनुसूचीत अधिसूचनेने भर घालता येते आणि हत्ती सांभाळणाऱ्याच्या ओळीखाली आजाऱ्याला सांभाळणारीची एक ओळ लिहिता येते.